कौतिकाबाईंचा कोरा चहा

दुधाची धार आणि विषाचा घोट एकाच शांत मुद्रेने जो स्वीकारतो, त्या महादेवाला प्रथम वंदन करतो. त्याच्याच गाभाऱ्यात माझे आयुष्य गेले. त्याच्याच साक्षीने हे लिहीत आहे. आज टेंभुर्णीत कौतिकाबाईंचे वर्षश्राद्ध झाले. संकल्प मी सांगितला, पिंड त्यांच्या मुलाने, भगवानने ठेवले आणि खीर त्यांच्या सुनेने, सविताने, स्वतःच्या हाताने वाढली. घरी परतलो, हातपाय धुऊन संध्येला बसलो, परंतु मन स्थिर होईना. ज्या बाईंनी चाळीस वर्षे दुधाचा थेंब जिभेवर ठेवला नाही, त्यांच्या नावाने आज भाऊबंदांनी वाट्या भरभरून खीर खाल्ली. ती माझ्याही पानात होती. मला ती गिळवेना.

कौतिकाबाईंचे माहेर धावड्याचे. माहेरचे आणि सासरचे, दोन्ही घराणी पूर्वी मेंढ्यांच्या कळपामागे रानोमाळ हिंडणारी. पुढे हिंडणे थांबले, कळप गेले, आणि थोडी कोरडवाहू जमीन व चार म्हशी एवढा संसार उरला. पती लवकर गेले. देवळाची मागची भिंत आणि त्यांच्या गोठ्याची भिंत एकच. त्यामुळे माझ्या रुद्रपाठात त्यांच्या म्हशींचे हंबरणे मिसळे, आणि त्यांच्या धार काढण्यात माझे मंत्र. त्या एकदा म्हणाल्या होत्या, "गुरुजी, तुमचं म्हणणं चालू असलं की काळी म्हैस पान्हा जल्दी सोडती. तुमी सुट्टी घेत जाऊ नका."

उंच, सडसडीत आणि विलक्षण सरळ बाई. डोक्यावर दुधाची पितळी चरवी, दोन्ही हात मोकळे, आणि पाऊल असे पडे की चरवीतले दूध हेलकावत नसे. पहाटेच्या अंधुक प्रकाशात रस्त्याच्या टोकाला प्रथम चरवीची कड चमके आणि मग खाली माणूस दिसे. बाळंतिणीच्या घरी त्या माप घालून झाल्यावर वर आणखी एक धार सोडीत. एखाद्या घरी मुलाला पेला आणि मुलीला नुसती पोळी दिसली, तर उंबऱ्यावर उभ्या राहून त्या घरच्या बाईला विचारीत, "हिची हाडं काय लोखंडाची हायेत का, माय?" आणि मुलगी पेला रिकामा करीपर्यंत तेथून हलत नसत.

धार काढताना बोटांना दूध लागतेच. इतर बाया ते बोट सहज तोंडात घालतात. कौतिकाबाई ते म्हशीच्या पाठीवर पुशीत आणि म्हणत, "तिचं तिला." चरवी विसळलेले पाणी तुळशीला. सोमवारी अभिषेकाचे दूध त्या स्वतः आणीत, तेही झाकून, कारण उघडे दूध नाकाजवळून नेणे म्हणजेसुद्धा अर्धे पिणेच, असे त्यांचे मत होते.

आणि स्वतः? स्वतः कोरा चहा. चुलीच्या कडेला काळ्या पडलेल्या जर्मनच्या पातेल्यात तो दिवसभर उकळत असे. साखर सढळ, पत्ती त्याहून सढळ. झुंजूमुंजू होताना एक, धारा झाल्यावर एक, गावातून फिरून आल्यावर एक. भाकरी थापायचा कंटाळा आला तर भाकरीऐवजी एक, उपास असेल तर फराळाऐवजी एक. कपाळ दुखले तर चहा, कोणी रुसले तर चहा. दोन चहांच्या मध्ये उंबऱ्यावर बसून तव्यावर भाजलेली तंबाखूची मिश्री दातांवरून फिरवणे चाले. पुढे नात जालन्याला शिकायला गेली आणि सुट्टीत येताना काळ्या थंड पेयाची बाटली हातात घेऊन आली, तेव्हा आजीने ती बाटली उजेडात धरून पाहिली आणि म्हणाली, "बाई, हा तर माझाच चहा. माझा गरम, तुझा गार. दूध दोघींत बी न्हाई." नात हसली. आम्ही सर्वच हसलो.

दूध का सोडले, ते सांगतो. भगवान पाच वर्षांचा असताना त्याला मुदतीचा ताप आला. जालन्याच्या दवाखान्यात तो कित्येक दिवस डोळे मिटून होता. दिराला मुलाजवळ बसवून कौतिकाबाई एका दुपारी टेंभुर्णीला आल्या, घरात न जाता सरळ देवळात शिरल्या. मी नुकताच पाठशाळेतून शिकून आलो होतो. त्यांनी तळहातावर पाणी घेतले, मी संकल्प सांगितला, आणि मुलगा उठून बसला तर दूध व दुधाचे जे जे होते ते सर्व त्यागण्याचा नेम त्या महादेवापुढे बोलल्या. तिसऱ्या दिवशी मुलाने पाणी मागितले. पुढे तो धडधाकट झाला, आज ट्रॅक्टर चालवतो. आणि कौतिकाबाईंच्या तोंडाला त्यानंतर दूध, दही, ताक, तूप कधी लागले नाही. चातुर्मासात पोथी सांगताना मी त्यांचे उदाहरण देत असे. नेम कसा पाळावा ते आपल्या शेजारच्या घरात जाऊन पाहा, असे म्हणत असे. त्या खांबाशी बसून पदर सावरीत आणि खाली पाहत. गावाने मान डोलवावी, आणि मला त्यात माझ्याही विद्येचे काही फळ दिसावे, अशी वर्षे गेली.

दरम्यान तिशी ओलांडते न ओलांडते तोच त्यांची गर्भपिशवी काढली गेली होती. आमच्याकडे बायांच्या पोटदुखीवर हा उपाय फार सहज सांगितला जातो. महिनाभराने त्या पुन्हा चरवी घेऊन रस्त्यावर दिसल्या, तेव्हा कोणी काही अधिक विचारले नाही.

मग एका श्रावणातल्या सोमवारी त्या माझ्याशी भांडल्या. सभामंडपातील घंटा त्या नेहमी टाचा न उचलता, नुसता हात वर करून वाजवीत. त्या दिवशी हात वर गेला आणि रिकामाच खाली आला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घंटा कोणी वर बांधली?"

मी सांगितले की घंटेला कोणीही हात लावलेला नाही.

"लावला. साखळीचे दोन येढे वर घेतले. गरिबाच्या हाताला लागू नये म्हणून करून राह्यले का तुमी लोक?"

मी साखळी दाखवली. तेलाने व धुराने काळवंडलेल्या कड्या एकमेकींना चिकटून होत्या. वर्षानुवर्षांत त्या हलल्या नव्हत्या. कौतिकाबाईंनी ते पाहिले आणि नेहमीप्रमाणे खांबाला कपाळ टेकवले. त्या खांबावर त्यांच्या कपाळाच्या तेलाचा एक गोल डाग पडलेला आहे. त्या दिवशी कपाळ त्या डागाच्या चार बोटे खाली टेकले. मी ते पाहिले. पाहून मला जे कळायला हवे होते ते कळले नाही. वय झाले, एवढेच मनात आले. दुसऱ्या दिवशी मी घंटेच्या लोलकाला एक सुती दोरी बांधून खाली सोडली. ती पाहून त्या पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, देवाला बी दावं बांधलं का?"

तीन-चार वर्षांत पाठीला बाक आला. चरवी डोक्यावरून कमरेवर आली, कमरेवरून भगवानच्या मोटारसायकलीला. मान वर उचलणे कठीण झाले, तेव्हा त्या माणसे पायांवरून ओळखू लागल्या. उंबऱ्यावर बसलेल्या असत आणि रस्त्याने जाणाऱ्याला चेहरा न पाहता नावाने हाक मारीत. अमक्याच्या चपलेचा अंगठा तुटलाय, तमक्याची टाच आत वळते, हे सर्व त्यांना पाठ. एकदा निवडणुकीत काही मंडळी दारात उभी राहिली. त्यांनी खाली पाहूनच भगवानला सांगितले, "बूट पांढरे, माती बिलकुल न्हाई. मत मागाया आले असतील. पाणी दे अन् लावून दे." त्या मंडळींनासुद्धा हसू आवरले नाही.

हे सर्व विनोदात चालले होते. घनसावंगीकडे भाचीच्या लग्नाला जाईपर्यंत चालले होते. परतीच्या वाटेवर जीप गच्च भरलेली. कौतिकाबाई मागच्या आडव्या बाकावर. एका गतिरोधकावर गाडी उडाली आणि आदळली. इतरांनी चालकाला दोन शब्द ऐकवले आणि पुन्हा गप्पा सुरू झाल्या. कौतिकाबाई मात्र जालना येईपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. लचक भरली असे समजून घरी आठ दिवस तापलेल्या विटेने शेकले. नवव्या दिवशी बसूनही राहवेना, तेव्हा भगवानने त्यांना जालन्याला नेले, आणि सोबत म्हणून मलाही.

डॉक्टरबाई तरुण होत्या, बोलणे शांत होते. खिडकीच्या उजेडात त्यांनी क्ष-किरणांचा फोटो धरला. पाठीचा एक मणका चेपलेला होता. त्याच्या वरचे आणखी दोन पूर्वीच कधीतरी, कोणाला न कळता, चेपून गेले होते. त्यांनी विचारले, "मावशी, दूध किती घेता?"

"घेत न्हाई बाई, घालते. सकाळ-संध्याकाळ."

"तसे नाही. तुम्ही स्वतः किती पिता?"

कौतिकाबाईंनी माझ्या पायांकडे पाहिले. "ते गुरुजींना इचारा," त्या म्हणाल्या.

मी नेमाविषयी सांगितले. सांगताना अजूनही माझ्या आवाजात किंचित अभिमान होता, हे मला आठवते. डॉक्टरबाईंनी ते ऐकून घेतले, नंतर पिशवीविषयी विचारले, मिश्रीविषयी विचारले, जेवणाऐवजी चहा किती वेळा होतो ते विचारले, उन्हात किती बसता तेही विचारले. मग भगवानला समजावले. एवढ्या लहान वयात पिशवी गेली, तेव्हापासूनच हाडे झिजू लागली असतील. त्यात तंबाखू. त्यात पोटात अन्न कमी आणि कोरा चहा अधिक. आणि ज्या वयात हाडांनी साठा करून ठेवायचा, त्या वयापासून दूध-ताकाचा थेंब नाही. दोष एकट्या दुधाचा नव्हे. आणि आता एकट्या दुधाने ते भरून येणारही नाही. गोळ्या, इंजेक्शन, सकाळचे ऊन, मिश्री बंद. दूध सुरू करायचे असेल तर आधी वाटीभर ताक, तेही हळूहळू. इतक्या वर्षांनी पोट एकदम घेणार नाही.

भगवानने विचारले, "पण आई चालती राहील ना?"

"पडू देऊ नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता आपल्या हातात मुख्यतः तेवढेच आहे."

परतताना मी खिडकीशी बसलो होतो. भोवती सर्वत्र कपाशी उभी होती. माझ्या मनात मात्र चाळीस वर्षांपूर्वीची ती दुपार होती आणि तिच्यातील एक तपशील, जो मी पोथी सांगताना कधीच सांगितला नव्हता. तळहातावर पाणी घेऊन कौतिकाबाईंनी मला विचारले होते, "किती दिस सोडू, गुरुजी?" त्यांची अपेक्षा काय होती ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते: येत्या शिवरात्रीपर्यंत, फार तर वर्षभर. मी तेवीस वर्षांचा होतो. पाठांतर ताजे होते आणि अहंकारही. मी म्हणालो, देवाशी मुदतीची बोली करतात का? यावज्जीव म्हणा. त्यांना तो शब्द कळला नाही. मी अर्थ सांगितला, जीव आहे तोवर. त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि पाणी सोडले.

गोळ्यांनी त्यांना मलावरोध होऊ लागला. महिन्याभराने सविताला भिंतीतल्या कोनाड्यात तसबिरीमागे गोळ्यांची पाकिटे सापडली, एकही न फोडलेली. मिश्रीबद्दल विचारले तर म्हणाल्या, "दूध देवानं सोडवलं. ही कोण सोडवणार?" उन्हात बसायला सांगितले तर पदर पुढे ओढून सावलीतच सरकत. ताकाची वाटी भगवानने तीनदा पुढे केली. तिसऱ्यांदा त्या रडल्या, आणि त्याने पुन्हा ती आणली नाही.

तेव्हा मीच गेलो. दुपारची वेळ होती. त्या गोठ्याच्या ओट्यावर बसून सरकीची पेंड भिजवीत होत्या. मी समोर बसलो. व्रताचे उद्यापन करता येते, आजारपणात तर अवश्य करावे, त्याला विधी आहे, असे मी सांगू लागलो. त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "अन् दूध पिले, अन् पोराला काई झालं तर?"

मग जे सांगायचे होते ते मी सांगितले. जन्मभर हा शब्द त्यांचा नव्हता, देवाचाही नव्हता. तो माझा होता.

त्यांचा हात पेंडीत थांबला. "देवानं मागितलं न्हवतं?"

"नाही. मी म्हणालो."

"मंग एवढे दिस?"

एवढे दिवस मी त्यांचे कौतुक करीत होतो. मग त्यांनी विचारले, अगदी साधेपणाने, जणू एखाद्या वाटसरूला रस्ता विचारावा, "मंग पोरगं कशानं बरं झालं, गुरुजी?"

मी आयुष्यभर शास्त्रे वाचली. अनेकांच्या शंका फेडल्या, त्याबद्दल दक्षिणा घेतली. त्या ओट्यावर मला एकही शब्द सुचला नाही.

त्यांनी हात झटकला आणि पदराला पुसला. "तुमी बी पोरसवदाच होते तवा. मी बी. दोघांला बी कळत न्हवतं." मग म्हणाल्या, "करा मंग ते उद्यापन. माझं काई न्हाई. तुमचं तरी सुटंल."

श्रावणातला पहिला सोमवार ठरला. सविताने सकाळीच देऊळ धुतले. कौतिकाबाई भगवानच्या खांद्याला धरून आल्या, दोरी ओढून घंटा वाजवायला गेल्या, परंतु आता दोरीचे टोकही हाताला लागेना. सविताने ते त्यांच्या मुठीत दिले. पूजा झाली. त्यांच्याच काळ्या म्हशीचे दूध महादेवाला दाखवून मी पितळी पेला काठोकाठ भरला आणि त्यांच्या हाती ठेवला. डॉक्टरबाईंचे शब्द मला आठवत नव्हते असे मी म्हणणार नाही. आठवत होते. परंतु पेला अर्धा दिला तर उद्यापन अपुरे राहील असे मला वाटले, आणि चाळीस वर्षांच्या नेमाची सांगता ताकाच्या वाटीने करणे मला अशोभन वाटले.

त्यांनी पेला नाकाशी नेला. "वास ओळखीचा हाय," त्या म्हणाल्या. "चव इसरून गेल्ते." दोन घोट घेऊन त्या थांबल्या. भगवान म्हणाला, आई, बस झालं. त्यांनी मान हलवली. देवाचे दिलेले टाकून देत नाहीत, असे पुटपुटून त्यांनी पेला रिकामा केला, आणि मग सवयीने ओठाला लागलेला थेंब बोटावर घेऊन इकडेतिकडे पाहिले. म्हैस तेथे नव्हती. त्यांनी तो खांबाला पुसला.

दुपारी त्यांच्या पोटात कळा सुरू झाल्या. भगवान शेतात होता, सविता धुणे वाळत घालीत होती. दोरीवर टाकण्यापूर्वी साडी झटकण्याचा आवाज होता, म्हणून तिला हाक ऐकू आली नाही, किंवा त्यांनी मारलीच नसेल. मागच्या अंगणातील संडासाकडे घाईने जाताना मोरीपुढच्या ओल्या फरशीवर त्या पडल्या. मोठे पडणे नव्हते. खाली बसावे तशा त्या पडल्या. खुब्याचे हाड मोडले.

शस्त्रक्रिया झाली. बसवलेला खिळा धरून ठेवण्याइतके हाड घट्ट नव्हते. काही आठवड्यांत तो सैल झाला. डॉक्टरबाईंनी भगवानला बाजूला घेऊन जे सांगितले ते त्याने मला सांगितले नाही, आणि मी विचारले नाही. उद्यापनाविषयीही त्या घरात मला कोणी कधी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर बरे झाले असते.

त्यांची खाट दाराशी ठेवली होती, गोठा दिसावा म्हणून. पण पाठीच्या बाकामुळे त्यांना एका कुशीवरच पडून राहावे लागे, आणि त्या कुशीवरून दिसे ती फक्त जमीन: येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय, कोंबड्या, खाली ठेवलेली भांडी. मी गेलो की माझ्या पायांकडे पाहून म्हणत, "या गुरुजी. टाचा लई फुटल्या तुमच्या. सविता, गुरुजींना साय दे थोडी, रातच्याला लावतील." आणि मी ती साय वाटीत घेऊन घरी येई. लावणे मला कधी झाले नाही.

शेवटचा गेलो तो दिवस भाद्रपदातला. सकाळचे नऊ-दहा वाजले असतील. त्यांचा चेहरा फार लहान झाला होता. सविताने चहा आणला आणि ताट जमिनीवर ठेवले. कौतिकाबाईंना आता चहाही जात नव्हता. ताटात दोनच कप होते, माझा आणि सविताचा. एक दुधाचा, एक कोरा. मी सविताकडे पाहिले. तिने पदराचे टोक दातांत धरले आणि मान खाली घातली. मला कळले. तिने सासूसाठी नेम धरला होता.

खाटेवरून कौतिकाबाईंना जमिनीखेरीज काही दिसत नव्हते. त्यांना ताट दिसले.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "तो कोरा कुणाचा?"

त्यांचा आवाज मी चाळीस वर्षे ऐकत होतो. त्या आवाजात भीती कधी नव्हती. मुलाच्या तापाच्या वेळीही नव्हती. आता होती.

सविताचे पाय खाटेपासून हातभर अंतरावर होते आणि ते हलत नव्हते. मी म्हणालो, "माझा."

"तुमी कवापासून?"

"आता आताच."

"तुमाला कशाला, गुरुजी? हाडं म्हातारी झाली तुमची." मग थोडे हसून, "प्या मंग. गार होऊन राह्यला."

मी तो कप उचलला आणि पिऊ लागलो. कडू, अतिशय गोड, जीभ भाजणारा. त्या कपाकडे पाहत होत्या. मी तो रिकामा करून पुन्हा ताटात ठेवीपर्यंत त्यांची नजर त्यावरून हलली नाही. ठेवला, तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मी त्यांना पाहिले ते शेवटचे. आठ दिवसांनी भगवान सांगायला आला.

त्या दिवशी निघताना मी सविताला अंगणात गाठून विचारले होते, हे कोणाला विचारून केलेस? ती म्हणाली, "कुणाला बी न्हाई. तुमाला इचारलं असतं तर तुमी जन्मभर म्हणले असते. मी आई उठून चालेपर्यंतच म्हणले." मला त्या बोलण्याचा राग आला नाही. उलट, मुदत तरी घातली, असे वाटून थोडा धीर आला होता.

आज श्राद्धाची पाने उठल्यावर सर्वांसाठी चहा झाला. चुलीजवळ सविता स्वतःचा कप घेऊन बसली होती आणि तो कोरा होता. मी जवळ जाऊन सांगितले की आता या नेमाला अर्थ राहिला नाही, तो संपला, मी जबाबदारीने सांगतो. तिने शांतपणे माझे ऐकून घेतले. मग म्हणाली, "आई उठून चालेपर्यंत म्हणले होते, गुरुजी. त्या कुठं चालल्या?"

मी पुन्हा सांगितले. ती हो म्हणाली, जसे वडीलधाऱ्याला हो म्हणतात तसे, आणि कप तोंडाला लावला. सविता चाळिशीला आली आहे. सकाळी देवळात आली तेव्हा तिने दोरीला स्पर्श न करता नुसता हात वर करून घंटा वाजवली आणि खांबाला कपाळ टेकवले. ते जुन्या डागावर बरोबर टेकले.

हे महादेवा, तुझ्या नावाने जो शब्द मी बोललो तो परत घेण्याचे सामर्थ्य मला नाही. तुला असेल तर तू घे. आणि ज्यांनी हे येथवर वाचले त्यांचे व त्यांच्या कुटुंबाचे कल्याण असो. त्यांच्या गोठ्यात दूध असो, अंगणात ऊन असो. घरातील लेकी-सुना ताठ मानेने चालोत, त्यांचा हात अखेरपर्यंत घंटेला पोहोचो. आणि जो हात सर्वांना पेला भरून देतो, त्या हाताला पहिला पेला मिळो. तो घेताना त्या बाईला कोणाचीही अनुमती, माझ्यासारख्याची तर नकोच, मागावी न लागो.

इति शुभं भवतु.